स्तेन, टाकं आणि टँक : गीता, अध्याय ३, श्लोक १२



आजचा श्लोक तिसऱ्या अध्यायातला बारावा. त्याचा भाव माझ्या शब्दांत सांगतो. तुमच्या हातात जे आहे ते कुणीतरी दिलेलं आहे. ज्यांनी दिलं त्यांच्याकडे काहीही परत न पाठवता जो माणूस सगळं एकटाच वापरून टाकतो, त्याला भगवंत एका शब्दात चोर म्हणतात. संस्कृत शब्द आहे 'स्तेन'.

इथे मऊ शब्द वापरता आला असता. कृतघ्न म्हणता आलं असतं, लोभी म्हणता आलं असतं. भगवंत चोर म्हणतात, आणि वर 'एव' लावतात. चोरच तो.

हा श्लोक वाचताना आपल्यापैकी बहुतेकांना तो दुसऱ्याविषयी आहे असं वाटतं. आपण कुठे चोरी करतो? पगार कष्टाचा आहे, टॅक्स कापूनच हातात येतो, सोसायटीचा मेंटेनन्स भरतो, पाण्याचं बिलही त्यातच आलं. हिशोब चुकता. मग चोर कोण? म्हणून आज श्लोकाच्या पोटात शिरण्याआधी एका शब्दाची गोष्ट सांगतो. शब्द इंग्रजी आहे आणि ऐकला की डोळ्यांसमोर रणगाडा येतो. टँक.

आपल्या रोजच्या बोलण्यात हा शब्द किती वेषांत फिरतो बघा. ऑफिसात एखादा डेमो फसला की पोरं म्हणतात, 'डेमो टँक झाला.' शेअर पडला की तोही टँक झाला. पेट्रोल पंपावर 'टँक फुल करा'. टीव्हीवर शहाणी माणसं एकत्र बसली की थिंक टँक. माझा भाचा मोबाइलवर गेम खेळतो, त्यात पाच जणांच्या टोळीत एकाला टँक म्हणतात. मी विचारलं, 'म्हणजे काय रे?' तर म्हणाला, 'मामा, टँक म्हणजे जो सगळ्यांच्या पुढे जाऊन मार खातो. त्याने मार खाल्ला की बाकीचे वाचतात.' हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रणगाड्याला टँक हे नाव का पडलं? १९१५ साली, पहिल्या महायुद्धात, ब्रिटिशांनी लोखंडी पट्ट्यांवर चालणारी चिलखती गाडी बनवायला घेतली. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून तिचं खरं नाव लपवायचं होतं. इंग्लंडमधल्या लिंकन गावच्या कारखान्यात हे काम चाललं होतं. तिथे असं पसरवलं गेलं की मेसोपोटेमियाच्या वाळवंटातल्या फौजेसाठी पाणी वाहून न्यायच्या गाड्या बनतायत. त्यावरून सांकेतिक नाव पडलं टँक, म्हणजे टाकी. काही गाड्यांवर तर रशियन अक्षरांत पेट्रोग्राडला न्यायचा माल असल्यासारखा मजकूर रंगवला होता. १५ सप्टेंबर १९१६ ला फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत त्या पहिल्यांदा मैदानात उतरल्या. बाहेर आल्या तेव्हा पाण्याच्या टाक्या नव्हत्या, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

म्हणजे जगातल्या सगळ्या रणगाड्यांना पाण्याचं नाव आहे. आणि ते पाण्याचं नाव तरी कुठून आलं? इंग्रजी शब्दकोश उघडा. टँकच्या मुळाशी ते गुजराती टांकुं आणि मराठी टांकें दाखवतात, पोर्तुगीजांच्या तशाच एका शब्दाचीही त्यात भर पडली असं म्हणतात. टांकें म्हणजे आपलं टाकं. गडावर कातळात खोदलेलं असतं ते. आपलाच शब्द जहाजात बसून गेला, तिकडे वर्दी घालून आला, आणि आज आपल्यालाच तो परका वाटतो!

या शब्दाचं अजून एक भावंड मराठीत आहे. टाकी म्हणजे पाथरवटाची छिन्नी. संस्कृतात टंक म्हणजेही तेच हत्यार. लहानपणी गावात 'पाट्याला टाकीऽऽ' अशी हाळी देत बाई यायची आणि आजीच्या पाटा-वरवंट्याला टक् टक् करत खाचा पाडून जायची. टाकीने खोदलं ते टाकं, असं नातं कानाला तरी अगदी सरळ वाटतं. आणि टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही ही म्हण आपण सगळेच शाळेच्या फळ्यावर वाचत मोठे झालो. घाव सोसून दगडाचा देव होतो हे आपल्याला ठाऊक आहे. घाव सोसून दगडाचं टाकंही होतं, हे मात्र आपण विसरतो. मला विचाराल तर दुसरं थोडं जास्त उपयोगाचं.

माझं गाव मुरबाड तालुक्यात, आजोळ शहापूर तालुक्यात. दोन्ही बाजूंना डोक्यावर गड आहेत आणि प्रत्येक गडावर टाकी आहेत. शहापूरला माहुली, मुरबाडला गोरखगड, सिद्धगड. शहाजीराजांनी १६३६ मध्ये मोगल आणि आदिलशाही अशा दोन फौजांपुढे शेवटचा तग धरला तो माहुलीवर. तोफा, भिंती, बुरूज यांची वर्णनं आपण आवडीने वाचतो, पण वेढा पडल्यावर गड जगतो तो टाक्यातल्या पाण्यावर. आपल्याकडची लढाई आधीपासूनच टाक्याच्या जिवावर होती. इंग्रजांनी १९१५ मध्ये पाणी आणि युद्ध एका शब्दात बांधलं असं म्हणायचं तर म्हणा, आपल्या डोंगरांनी ते कितीतरी आधी बांधून ठेवलंय.

पण मला सांगायचंय ते नाणेघाटाचं. कल्याणहून मुरबाड, टोकावडे, वैशाखरे करत गेलं की उजव्या हाताला घाट चढायची वाट लागते. तुमच्यापैकी बरेच जण पावसाळ्यात तिथे उलटे धबधबे बघायला जातात, रील्स काढतात. वरच्या लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा सातवाहनांचा लेख आहे. राणी नागनिकेच्या नावाने ओळखला जातो तोच. त्यात यज्ञांची यादी आहे. अश्वमेध, राजसूय असे कुठकुठले यज्ञ केले आणि दक्षिणा म्हणून किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दिले, सगळं भिंतीवर कोरलेलं. गीतेतला तिसरा अध्याय वाचून तिथे उभं राहिलं की यज्ञ हा शब्द पुस्तकातून उतरून समोर येतो. यज्ञ म्हणजे नुसती आग आणि तूप नाही. काय मिळालं आणि काय दिलं याची ती उघड्यावर लिहिलेली खातेवही आहे.

त्याच घाटात कातळात पाण्याची टाकी खोदलेली आहेत. टाकं खोदून दान दिल्याचे लेखही नाणेघाटात आणि आसपासच्या लेण्यांत सापडतात. त्या प्राकृत लेखांत टाक्याला 'पोढी' म्हणतात आणि दानाला 'देयधम्म'. देण्याचा धर्म. हे दान करणारे सगळे राजे नव्हते, साधे गृहस्थ होते, व्यापारी होते. घाटातून बैल घेऊन जाताना स्वतःला तहान लागली असेल, आणि मग मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी टाकं खोदायला पैसे दिले असतील. तो माणूस कोण, कुठला, काही ठाऊक नाही. तो येईल आणि पाणी पिईल, बस्स.

आणि घाटमाथ्यावर काय आहे? दगडाचा एक मोठा रांजण. जकातीचा रांजण म्हणतात त्याला. घाटातून जाणाऱ्या व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात त्यात टाकायची, अशी सांगी आहे. म्हणजे एकाच वाटेवर दगडाची दोन भांडी. एकात घेतलेलं साठवायचं, दुसऱ्यात द्यायचं साठवायचं. मला त्या रांजणाचा राग नाही. राज्य चालवायचं तर जकात लागते, घाट सांभाळायला माणसं लागतात. पण फक्त रांजणच असता आणि टाकी नसती, तर त्या घाटाला काय म्हणावं लागलं असतं? गीतेचा बारावा श्लोक तेच विचारतो.

घाटातून खाली आलात की तोच रस्ता उलट दिशेने माळशेज चढून थेट अहिल्यानगरला जातो. तिथे आपल्या सैन्याचं चिलखती दलाचं केंद्र आहे आणि १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे. मी मुद्दाम जाऊन आलो. पहिल्या महायुद्धापासूनची ती अजस्र लोखंडी जनावरं झाडाखाली शांत उभी आहेत. पूना हॉर्स या रेजिमेंटचा सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, जन्म पुण्याचा, वय फक्त २१. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत त्याच्या टँकने पेट घेतला होता. बाहेर पडायचा हुकूम आला. माझी तोफ अजून चालतेय अशा अर्थाचं उत्तर देऊन तो आतच थांबला आणि तिथेच गेला. त्याला परमवीरचक्र मिळालं. भाच्याच्या गेमची व्याख्या इथे खेळ राहत नाही. जो पुढे जाऊन मार खातो आणि मागचे वाचतात, तो टँक.

समुद्रमंथनाची गोष्ट आठवा. अमृत पाहिजे होतं सगळ्यांना. आधी हालाहल आलं तेव्हा देव मागे सरकले, दानवही मागे सरकले. महादेव पुढे आले. त्यांनी ते विष गिळलं नाही आणि थुंकलंही नाही. गळ्यात धरून ठेवलं. भाच्याला मी सांगितलं की तुझ्या गेममधला पहिला टँक नीलकंठ बरं का. तो हसला, पण दुसऱ्या दिवशी गेममध्ये त्याने आपलं नाव बदलून 'नीलकंठ' केलेलं दिसलं. भक्तीचे रस्ते अनेक आहेत, काय करणार!

आता मुद्द्याचं. मुंबईचा टँक कोण?

मुंबईला पाणी देणारे तलाव सात. तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा. तुळशी आणि विहार तेवढे शहरात आहेत, बाकी पाणी शंभरेक किलोमीटरच्या पट्ट्यातून खाली येतं. तानसाचं पाणी मुंबई पितेय ते १८९२ पासून. भातसा धरण शहापूर तालुक्यात आहे आणि मुंबईच्या पाण्यापैकी साधारण निम्मं एकटं भातसा देतं. मुंबईला रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी मिळतं. मी इंजिनिअर माणूस, आकडा आला की भागाकार सुचतो. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला, तर रोजचे ३ लाख ८५ हजार टँकर. इकडे मुरबाडच्या बाजूला बारवी. तिचं पाणी कारखान्यांना आणि बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, डोंबिवली, ठाण्याकडच्या वस्तीला जातं. बारवीच्या बुडितात मुरबाड तालुक्यातली गावं गेली. तुम्ही हा ब्लॉग मुंबई-ठाण्यात कुठेही बसून वाचत असाल, तर तुमच्या समोरच्या ग्लासात बहुधा यातलंच कुठलंतरी पाणी आहे.

आणि एप्रिल-मे महिन्यात शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर काय येतं? टँकर.

पाऊस कमी म्हणून नाही. शहापूरचा पाऊस तुम्ही कसाऱ्याच्या गाडीतून बघितलाय. पण खाली काळा कातळ आहे, पाणी मुरत नाही, पळतं. जून ते सप्टेंबर नुसता धबाबा, आणि होळी झाली की विहिरीचा तळ दिसायला लागतो. मग बायका नदीच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून झरा करतात आणि वाटीवाटीने हंडा भरतात. टँकर येतो तो विहिरीवर. पाइप सोडून अख्खा टँकर विहिरीत रिकामा करतात, आणि मग दोर-बादलीने तेच पाणी पुन्हा वर ओढायचं. नव्या माणसाला हे वेडेपण वाटतं. पण दोनशे हंडे एका नळीखाली लागले तर भांडणं होतात, विहिरीत सोडलं की ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने ओढावं. विहीर हीच टाकी. कातकरी आणि ठाकूर वाड्या तर अजून वर, तिथे गाडी जाईल असा रस्ता नाही, म्हणून खालच्या विहिरीवरून डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर दोन हंडे घेऊन चढायचं. भावली धरणातून शहापूरला पाणी आणायच्या योजनेचं नाव मी किती वर्षं ऐकतोय.

दोन वर्षांपूर्वी एका लग्नात जेवणाच्या पंगतीला गोष्ट निघाली. मुंबईचे एक गृहस्थ, चांगले वारीला जाणारे, म्हणाले, 'तिकडची लोकं आपले पाइप फोडून पाणी चोरतात, म्हणून आपल्याला प्रेशर कमी येतं.' आपले पाइप. माझी मावशी शेजारीच बसली होती. ती काही बोलली नाही, भाताला वरण कालवत राहिली. रात्री घरी आल्यावर मला म्हणाली, 'बाळा, ते पाणी चोरतात म्हंजे कुनाचं रं? धरण तर आपल्या मामाच्या शिवारावर हाय.'

मंडळी, पाइप फोडणं बरोबर नाही, ते मी म्हणणार नाही. फुटलेल्या पाइपातून माती जाते, खाली कुणाचं तरी पोर आजारी पडतं. पण मावशीच्या प्रश्नाला कायद्याचं उत्तर देऊन मोकळं होता येत नाही, कारण तिने प्रश्न कायद्याचा विचारलाच नव्हता. तिने नकळत बारावा श्लोक विचारला होता. चोर कुणाला म्हणायचं? श्लोकात कुंपण ओलांडणारा चोर नाही. ज्याच्याकडे येतं, येतच राहतं, आणि ज्याच्याकडून परत काहीच जात नाही, तो चोर. आता पंगतीतला 'आपले पाइप' हा शब्द आणि श्लोकातला 'स्तेन' हा शब्द शेजारी शेजारी ठेवून बघा.

तुम्ही म्हणाल, आम्ही पाण्याचं बिल भरतो ना. भरतो, मीही भरतो. पण ते बिल पंपाचं आहे, पाइपाचं आहे, शुद्धीकरणाचं आहे. ज्या शिवारावर पाणी उभं राहिलं, ज्या जंगलाने पाऊस धरला, ज्या घरांनी आपली जागा सोडली, त्यांच्यासाठी त्या बिलात ओळ नाही. तिसऱ्या अध्यायात भगवंत पुढे चौदाव्या श्लोकापासून साखळीच मांडतात. अन्नावर जीव, पावसावर अन्न, यज्ञावर पाऊस, कर्मावर यज्ञ. याला ते चक्र म्हणतात. चक्र म्हटलं की जे खाली गेलं ते वर आलंच पाहिजे. आपण शहरात बसून या चक्राचा पाइप केलाय. पाइपात पाणी एकाच दिशेने जातं.

ज्ञानेश्वर माऊलींनी या जागी यज्ञाचा अर्थ स्वधर्म असा उलगडलाय. ज्याच्या वाट्याला जे कर्तव्य आलं ते प्रामाणिकपणे करणं हाच यज्ञ. मग शहापूरचं पाणी पिणाऱ्याच्या वाट्याला कुठलं कर्तव्य आलं? मला वाटतं, पहिलं म्हणजे माहीत असणं. आपला नळ कुठून सुरू होतो हे माहीत असणं. आपल्याला काशीच्या घाटांची नावं पाठ असतात, पांडवकड्यापासून देवकुंडापर्यंत धबधबे माहीत असतात, आणि रोज सकाळी ज्या नदीने आंघोळ करतो तिचं नाव माहीत नसतं. आंघोळीच्या वेळी गंगा, यमुना, गोदावरी यांना बादलीत बोलवायची आपली जुनी रीत आहे. मी हल्ली त्यांच्यासोबत भातसेलाही बोलावतो. हसू नका. पंधरा दिवस करून बघा, शॉवर आपोआप लवकर बंद होतो.

पण एवढ्यावर थांबलं तर ती निव्वळ भावना झाली. नाथांच्या दोन गोष्टी आठवतात. पहिली सगळ्यांना माहीत आहे. काशीची गंगा कावडीत घेऊन रामेश्वराला निघालेले नाथ, वाटेत तहानेने तडफडणारं गाढव, आणि नाथांनी ते सगळं पाणी त्याच्या तोंडात ओतणं. सोबतचे लोक हळहळले, एवढी यात्रा फुकट गेली म्हणाले. नाथांना मात्र रामेश्वर तिथेच भेटला होता. आपल्या हातातलं पाणी एका ठरलेल्या ठिकाणी पोचवायचं होतं आणि तहान मध्येच, वाटेवर होती. जलवाहिनीच्या वाटेवरच्या गावांचा विचार करताना मला ही कावड दर वेळी आठवते.

दुसरी गोष्ट श्रीखंड्याची. पैठणला नाथांच्या वाड्यात बारा वर्षं एक गडी कावडीने पाणी आणून रांजण भरत होता. तो स्वतः पांडुरंग होता हे कळलं तेव्हा तो निघून गेला होता. आजही एकनाथषष्ठीच्या यात्रेला पैठणच्या वाड्यात तो रांजण भरतात, आणि आपल्या हातून त्यात घागर ओतली जावी म्हणून लोक रांगा लावतात. या गोष्टीत देव कुठे आहे ते नीट बघा. रांजणातून पाणी पिणारा तो नाही, आणून ओतणारा आहे. आपण आयुष्यभर पिणाऱ्याच्या बाजूला उभं राहून दर्शन मागतो.

ओतायचं म्हणजे काय, ते मुरबाडच्या बाजूला दिवाळीनंतर बघायला मिळतं. पाऊस थांबला की ओढ्यांना थोडं पाणी उरलेलं असतं. तेव्हा सिमेंटच्या रिकाम्या गोण्या धुऊन त्यांत वाळू-माती भरतात, तोंड शिवतात आणि ओढ्यात आडव्या रचतात. वनराई बंधारा. यंत्र लागत नाही, टेंडर लागत नाही, पंचवीस-तीस माणसं आणि एक-दोन दिवस लागतात. गोण्या पुढच्या पावसात वाहून जातात, म्हणून दर वर्षी पुन्हा बांधायचा. पण तेवढ्यावर गुरांना पाणी होतं, दोन-चार गुंठे भाजी होते, जवळची विहीर काही आठवडे जास्त तग धरते. आमच्या ओढ्यावर गेली चार वर्षं मी ऑफिसातली सात-आठ पोरं घेऊन जातो. पहिल्या वर्षी एकाने निम्म्या गोण्या भरायच्या आधीच ग्रुप फोटो पोस्ट केला. गावातल्या एका म्हाताऱ्या आजोबांनी फोटो बघून शांतपणे विचारलं, 'पाणी आडलं का यात?' आता फोटो शेवटी काढतात.

अजून एक सांगून ठेवतो, कारण आपल्या भक्तिमार्गी मंडळींची इथे गफलत होते. बंधारा बांधून धरणाचा प्रश्न सुटत नाही. ३ लाख ८५ हजार टँकरचा हिशोब गोण्यांनी फिटत नाही. कुठल्या गावाला कुणाच्या धरणातून किती पाणी, हा राज्याचा, मतदानाचा, भांडून मिळवायचा विषय आहे, आणि तिथे नामस्मरण हे उत्तर नाही. १९४२ ची आठवण देतो. ऑगस्टमध्ये मुंबईत जिथे 'चले जाव'चा नारा दिला गेला त्या मैदानाचं नाव गोवालिया टँक. गवळी आपली गुरं पाण्यावर आणायचे तो टँक, म्हणजे तलाव. टाकं पुन्हा आलंच! तिथून निघालेली हाक आमच्या डोंगरात पोचली. भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ ला मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. दर वर्षी २ जानेवारीला लोक तिथे जमतात. मी गेलोय. तिथे उभं राहून डोंगराकडे बघितलं की वाटतं, या डोंगराने शहराची हाक तेव्हा ऐकली होती. आता हाक उलट बाजूने येतेय.

म्हणून शहरातल्या माणसाने या विषयावर बोलायला हवं. शहापूर-मुरबाडच्या पाड्यावरची बाई ओरडली तर ती बातमी कोपऱ्यात जाते. पाणी पिणारा म्हणाला की माझ्या नळाच्या उगमाशी टँकर का जातो, तर ते ऐकावं लागतं. पुढच्या वेळी कुणी मत मागायला आलं की पार्किंग आणि मेट्रोसोबत हा एक प्रश्न विचारा. विचारणं हाही परत पाठवण्याचाच एक प्रकार आहे असं मी धरतो.

मावशीच्या गावचा टँकर आठवड्यातून ठरलेल्या दिवशी येतो, निदान यायला पाहिजे. विहिरीत पाणी पडलं की झुंबड उडते, शब्दाला शब्द लागतो, कुणाची घागर फुटते. पण तिथे एक रीत आहे, कुणी लिहून ठेवलेली नाही. वरच्या आळीत एक म्हातारी एकटी राहते, तिला दोर ओढवत नाही. जिचा हंडा पहिला भरेल तिने तो आधी म्हातारीच्या पिंपात ओतायचा, मग स्वतःचा भरायचा. गेल्या मे महिन्यात मी गेलो तेव्हा पहिला हंडा मावशीचा भरला. माझ्या हातात देत म्हणाली, 'जा, वर ओतून ये. आन् सांडू नको वाटंत.'

उद्या तेरावा श्लोक, जो फक्त स्वतःसाठी रांधतो त्याच्याविषयीचा.

राम कृष्ण हरी.